शाप पाळकाच्या हातात नसतो

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. माझं माहेर नगरचं, लग्नानंतर इंदूरला सुदामानगरात आले. शेजारणीबरोबर एका छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जाऊ लागले. सुरुवातीला खूप माया मिळाली. मग पगाराची स्लिप दाखवून दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, द्या, बांगड्या काढा, माहेरी जायचं तर पास्टरांना विचारा, सगळ्यांसमोर उभं राहून पापं सांगा, असं सुरू झालं. नणंदेचं ठरलेलं लग्नसुद्धा मोडायला लावलं. आम्ही मंडळी सोडली तेव्हा पास्टरांनी माइकवरून सांगितलं, की देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध जाणाऱ्यांच्या घरावर शाप येतो. पुढच्याच पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला. तो बरा आहे, पण मी बायबल उघडलं की हात थरथरतात, झोप येत नाही. सासूबाई म्हणतात, माफी मागून परत जा. देव खरंच रागावलाय का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही गं, रागावलेला नाही. आधी मुलाचं बोलू, कारण तुझी खरी भीती तिथे दडली आहे. डेंग्यू डासामुळे होतो आणि डास कुणाची मंडळी विचारत नाही. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनीही येशूला हेच विचारलं होतं : पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. योहानाच्या नवव्या अध्यायात आहे ते.

आता तो ‘अभिषिक्त’. हा शब्द वापरून लोकांची तोंडं बंद केली जातात, त्याचा मला फार संताप येतो. 105 व्या स्तोत्रातली ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ ही ओळ अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबद्दल आहे. परक्या मुलखात भटकणारी, दुबळी माणसं होती ती. राजांना ताकीद होती, की यांना हात लावू नका. म्हणजे ओळ दुबळ्याच्या बाजूची आहे. आणि अभिषिक्त राजासमोर दावीद कसा वागला? शौल राजा त्याच्या जिवावर उठला होता. गुहेत शौल तावडीत सापडला, तरी अभिषिक्त म्हणून दाविदानं त्याला मारलं नाही. पण गप्पही बसला नाही. बाहेर येऊन सगळ्या सैन्यासमोर त्यानं राजाला जाब विचारला. शौल रडला. पुढे दुसऱ्या एका प्रसंगी ‘माझ्या मुला, परत ये’ असंही म्हणाला. दावीद परत गेला नाही. त्यानं सूड घेतला नाही, आणि स्वतःला त्याच्या हातीही दिलं नाही. पहिल्या शमुवेलाचे 24 आणि 26 हे अध्याय सासूबाईंना वाचायला दे. त्यांना देवाची भीती वाटते, म्हणून त्या तसं बोलतात. त्यांच्यावर चिडू नकोस.

दशांशासाठी बायबलमधलं मलाखीचं पुस्तक दाखवतात, ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 14 वा अध्याय कुणी दाखवत नाही. तिथे त्याच दशांशातून परके, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतात. पगाराची स्लिप कुठेच नाही.

पंडिता रमाबाईंची तुला सोबत होईल. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर मायाळू होत्या, तरी चर्च सांगेल ते निमूट मानायला रमाबाईंनी नकार दिला. इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, ते पुन्हा दुसऱ्या कुणाचं मानेवर कशाला घ्यायचं, असा त्यांचा सवाल होता. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी लिहिलं, की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला तेव्हा त्यांना कळलं, की आधी लायक व्हायचं आणि मग जवळ जायचं, असा क्रमच नाही. तुझ्याकडून मात्र वर्षानुवर्षं लायकीच वसूल केली गेली.

सध्या बायबल उघडू नकोस. खरंच सांगते. नगरची आहेस, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पाठ असतील. स्वयंपाक करताना ती म्हण, तीही प्रार्थनाच आहे. वाटेल तेव्हा एखाद्या रविवारी जीपीओजवळच्या व्हाइट चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बस, नकोसं झालं तर उठून ये. कुठल्याही मंडळीत नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचार : हिशेब सभासदांपुढे मांडतात का, आणि पाळकाला, म्हणजे पास्टरला, जाब विचारणारं वर कुणी आहे का? मोठ्या चर्चमध्येही हे विचारच. झोपेसाठी आणि थरथरीसाठी सरकारचा टेली-मानस हा मोफत फोन आहे, 14416. त्यावर बोललीस म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

नणंदेचं काय झालं ते लिहिलं नाहीस. तिचंही कळव.