अपघाती मृत्यू, अकस्मात मृत्यू आणि अपघातातला ‘घात’

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर रस्ता सुरक्षेचा फलक लावायचाय, त्यावर देशात रस्त्यांवर दरवर्षी किती माणसं जातात तो आकडा टाकायचाय, तर ‘अपघाती मृत्यू’ लिहायचं की ‘रस्ते अपघातातील मृत्यू’, आणि त्याखाली ‘गंभीर जखमी’ बरोबर की ‘गंभीररीत्या जखमी’.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. ‘रस्ते अपघातातील मृत्यू’ लिहा, दुसरं काही नको. अपघाती मृत्यूत विहिरीत बुडालेला, शॉक लागलेला, गच्चीवरून पडलेला, सर्पदंशाने गेलेला असे सगळे येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा २०२२ चा अपघाती मृत्यूंचा आकडा ४ लाख ३० हजारांच्या वर आहे आणि त्याच वर्षीचा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा रस्त्यांवरच्या मृत्यूंचा आकडा १,६८,४९१. पहिला आकडा दुसऱ्याच्या नावाने फॉरवर्ड होतो आणि माणसं तो मान हलवत पुढे पाठवतात, याचा मला फार राग येतो. एका ‘ई’काराने अडीच लाखांहून जास्त माणसं इकडची तिकडे झाली, आणि कुणाला खटकतसुद्धा नाही.

पण माझी खरी चीड आहे ती ‘दुर्दैवी अपघात’ या जोडगोळीवर. पाम बीच रोडवर रात्री गाडी सुसाट सोडून डिव्हायडरवर घातली, बातमी काय, तर दुर्दैवी अपघात. अहो, यात दैव कुठून आलं? अपघात या शब्दात दैव नाही, योगायोग नाही, ‘अचानक’सुद्धा नाही. त्यात घात आहे. धातू ‘हन्’, म्हणजे मारणे, ठोकणे. या हन् चा ह कधीकधी घ होतो, म्हणून हत्या आणि हननाच्या जोडीला घात, आघात, घातक, घातपात, शत्रुघ्न, कृतघ्न, आणि आपल्या बाप्पाच्या नावातलं विघ्नसुद्धा, हे सगळे एकाच घरातले. त्याला ‘अप’ लागला की वाईट घात, जसा अपमृत्यू, अपयश, अपशकुन. शाळकरी कोशांत ‘अपघात : अचानक घडलेली वाईट घटना’ असा अर्थ छापलेला असतो तो मला अजिबात मान्य नाही. तो इंग्रजी शब्दाचा अर्थ आणून आपल्या शब्दावर चिकटवलाय.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. हाच संस्कृत ‘घात’ प्राकृतात झिजून ‘घाअ’ झाला आणि मराठीत आला तो ‘घाय’ आणि ‘घाव’ होऊन. एक घाव दोन तुकडे मधला घाव तोच. आणि त्या घायापासून घायाळ. म्हणजे बघा, अपघात आणि घायाळ ही सख्खी भावंडं आहेत, एक संस्कृतच्या कपड्यात राहिला आणि दुसरा गावात वाढला. पण आपण काय केलं, घायाळ लावणीला आणि नजरेच्या बाणांना देऊन टाकला आणि रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी फारसीतून जखमी घेतला. हिंदीवाल्यांनी मात्र घायल जपून ठेवला, त्यांच्या बातम्यांत अजून तो रोज येतो.

शेजारच्या भाषांनी काय काय निवडलंय ते बघायला तर फार मजा येते. वाशीच्या मार्केटला ट्रक येतात त्यांचे ड्रायव्हर एकाच घटनेला पाच नावं देतील. गुजराती म्हणेल अकस्मात. आणि त्याच्यासमोर चुकून आपला शब्द वापरू नका, कारण त्याच्याकडे ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या, तिथला आप म्हणजे स्वतः. हिंदी म्हणेल दुर्घटना. तमिळ म्हणेल विपत्तु, म्हणजे आपली विपत्ती. कन्नड मात्र आपल्यासारखंच अपघात म्हणतं. आणि तेलुगू म्हणतो प्रमादं! प्रमाद, म्हणजे गफलत, हलगर्जीपणा. मूळ धातू मद्, म्हणजे मद, उन्माद आणि मद्य ज्यातून आले तोच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल बोलायला याच्याइतका नेमका शब्द अख्ख्या भारतात नाही असं माझं ठाम मत आहे.

याच्या बरोब्बर उलटा शब्द गुजरातीचा. अ-कस्मात्, म्हणजे ‘कशामुळे’ला उत्तर नाही. आपल्या पोलिसांनी हा शब्द फार अचूक जागी ठेवलाय. ठाण्याच्या खाडीत मृतदेह सापडला, मुंब्र्याजवळ रुळांवर कुणी मिळालं, की नोंद होते ती ‘अकस्मात मृत्यू’ अशी, कारण कशामुळे ते अजून ठरायचंय. आणि गाडीने माणूस उडवला तर फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं : ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून...’ पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६. भरधाव, हयगय, अविचार, यातल्या एकाही शब्दात नशीब नाही. पोलीस स्टेशनात बसून रोज लिहिणाऱ्या हवालदाराचं मराठी इथे पेपरवाल्यांपेक्षा चोख आहे.

काही मंडळी म्हणतात अपघात हा शब्दच टाकून द्या, टक्कर किंवा धडक म्हणा, कारण ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये ॲक्सिडेंट शब्दावर बंदी घातली. घातली असेल, त्यांचा शब्द लॅटिनमधल्या ‘येऊन पडणे’ अर्थाच्या क्रियापदापासून आलाय, त्यात करणारा कुणी नसतो, सगळं आपोआप पडतं, म्हणून त्यांना तो खुपला आणि बरोबर खुपला. आपल्याला का खुपावा? आपल्या शब्दात मारणं आहे. परदेशातलं औषध आपल्याला नसलेल्या रोगावर घ्यायचं काय कारण! शिवाय दुचाकी खड्ड्यात आदळून पडली आणि मागून कंटेनर आला, जे घोडबंदर रोडवर पावसाळ्यात आपण पुन्हा पुन्हा वाचतो, त्याला टक्कर म्हणणार का? कुणाची कुणाशी? अपघात म्हणा, आणि मग घात कुणी केला ते विचारा, खड्डा ठेवणाऱ्याने की मागच्याने. मंत्रालयाच्या अहवालात ७० टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या खात्यात टाकलेले असतात, आणि वेग हे कारण खरं आहेच, पण रस्त्याचा प्रमाद वेगाच्या रकान्यात किती गेलाय हे त्या तक्त्यातून दिसत नाही.

दुसरं एक वाक्य कानाला टोचतं, ‘अपघातांत घट’. आकडे बघा. २०१० मध्ये देशात ४,९९,६२८ अपघात झाले आणि १,३४,५१३ माणसं गेली. २०२३ मध्ये अपघात ४,८०,५८३, म्हणजे घट झालीच की, पण माणसं गेली १,७२,८९०. शंभर अपघातांमागे आधी २७ जात होती, आता ३६ जातात. लॉकडाऊनच्या २०२० मध्ये आकडा खाली आला होता, पण २०२१ मध्ये १,५३,९७२, मग १,६८,४९१, मग १,७२,८९०, असा चढतच गेलाय. तर ताई, फलकावर ‘अपघात’ हा आकडा टाकूच नका, ‘मृत्यू’ टाका. पोलिसी मराठीत ज्यात जीव गेला त्याला ‘प्राणांतिक अपघात’ असा शब्द आहे, चांगला आहे, पण गेटवर वाचणाऱ्याला तो अडखळवेल. आणि हो, या मोजणीत मृत्यू म्हणजे अपघातापासून ३० दिवसांच्या आत झालेला, एकतिसाव्या दिवशी आयसीयूत गेलेला माणूस या आकड्यात नाही.

आता जखमींचं. ‘गंभीर जखमी’ बरोबर आहे, ‘गंभीररीत्या’ काढून टाका. ते हिंदीच्या ‘गंभीर रूप से घायल’चं भाषांतर आहे. मराठीत विशेषणाआधी दुसरं विशेषण ठेवून जोर देता येतो, ठार वेडा म्हणतो, ठाररीत्या वेडा म्हणत नाही. आणि गंभीर म्हणजे मुळात खोल, गहिरा हा त्याचाच झिजलेला भाऊ, तेव्हा गंभीर जखम म्हणजे शब्दशः खोल जखम, इतकं सरळ असताना मध्ये ‘रीत्या’ची पाचर कशाला. कायद्यात शब्द वेगळा आहे, ‘जबर दुखापत’, आणि त्याचे आठ प्रकार दिलेत : डोळा जाणं, कान जाणं, हाड मोडणं वगैरे. दात तुटला तरी जबर दुखापत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आधी वीस दिवस तीव्र वेदना असल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत तर ती जबर धरायचे, नव्या संहितेत ते पंधरा दिवस केलेत.

पण मला बोलायचंय ते याच्या जोडीदाराबद्दल, किरकोळ जखमी. किरकोळ हा शब्द कन्नडमधून आलाय, तिकडे ‘किरु’ म्हणजे लहान, ‘किरुकुळ’ म्हणजे क्षुल्लक, बारीकसारीक. आपल्याकडे तो बाजारात बसला, घाऊकच्या विरुद्ध किरकोळ, आणि तिथून दवाखान्यात गेला. आणि आजच्या कन्नडमध्ये किरुकुळ म्हणजे काय माहितीये? छळ! बारीकसारीक त्रास देत राहणं, तेच वाढून छळ झालं असावं असा माझा तर्क आहे, आणि किरकोळ जखमी झालेल्या कुठल्याही माणसाला विचारा, कन्नडचा अर्थ जास्त खरा वाटेल. गुडघा मुरगळलेला रिक्षावाला घरी बसतो, हप्ता थकतो, सहा महिन्यांनी जिना चढताना गुडघा बोलतो, आणि नोंदीत तो किरकोळ, तेही नोंद झालीच तर. २०१० मध्ये जखमींचा आकडा ५,२७,५१२ होता, २०२३ मध्ये ४,६२,८२५. मृत्यू चढले आणि जखमी उतरले. रस्ते सौम्य झाले असते तर दोन्ही उतरले असते. माझं मत विचाराल तर यातले कितीतरी किरकोळ या शब्दाखाली गाडले गेलेत, म्हणजे जागेवरच तोडपाणी झालं, पोलीस स्टेशनची पायरी कुणी चढलंच नाही.

म्हणून ताई, फलकावर नुसतं ‘जखमी ४,६२,८२५’ लिहा आणि शेजारी ‘२०२३, नोंद झालेले’ एवढं जोडा. मंत्रालयाचा तो आकडा सगळ्या जखमींचा आहे, त्यावर गंभीरचं लेबल लावाल तर चुकेल. आणि बाकीच्यांना एक विनंती, किरकोळ हा शब्द ‘त्रासदायक’ या अर्थाने कुणाच्या बोलीत, सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमाभागात खासकरून, ऐकू येत असेल तर वाक्यासकट कळवा, मला तो दाखला हवाय.