जंगलजेट्टी, दोन मिनिटांचा थांबा आणि मोबिलिटी स्कूटर

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सुटीच्या तोंडावर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं यंदा एकाच विषयावर आहेत: घरातल्या ज्येष्ठांची किंवा दिव्यांग माणसाची बॅटरीवरची स्कूटर सहलीला बरोबर कशी न्यायची? आधी एक खुलासा. इथे दुचाकीला बाजूची चाकं लावून आरटीओकडून पास करून घेतलेल्या गाडीबद्दल बोलत नाही. खुर्चीसारखी सीट, पुढे हँडल, तीन किंवा चार छोटी चाकं, सीटखाली बॅटरी आणि वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, अशी ही गाडी. फोनवर चौकशी करताना नुसतं ‘इलेक्ट्रिक स्कूटर’ म्हणू नका. समोरच्याच्या डोळ्यांसमोर दुचाकी येते आणि उत्तर चुकीचं मिळतं. ‘दिव्यांगांची, सुटे भाग होणारी बॅटरीची गाडी’ म्हणा आणि सर्वांत जड भागाचं वजन सांगा.

प्रश्न : सासूबाईंना संधिवात आहे. गुहागरहून दापोलीला नणंदेकडे जाताना धोपावे–दाभोळ फेरीबोट घ्यायची आहे. त्या स्कूटरवर बसूनच बोटीत चढू शकतील का? (गुहागर)

बसून चढवू नका. जंगलजेट्टीचा, म्हणजे वाहनं नेणाऱ्या या फेरीबोटीचा, पुढचा लोखंडी उतार मोटारी आणि टेम्पोंसाठी केलेला असतो. मोटारीच्या टायरला पकड मिळावी म्हणून त्यावर आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. स्कूटरचं चाक जेमतेम वीतभर व्यासाचं, ते प्रत्येक पट्टीवर अडखळतं. खरा घोळ मात्र उताराच्या टोकाला होतो. धक्क्याचं काँक्रीट खाली उतरतं आणि बोटीचा पत्रा वर चढतो, त्यामुळे मध्ये कोन तयार होतो. स्कूटरच्या पोटाखाली सहा-सात सेंटिमीटर जागा असते, आणि गाडी मागे उलटू नये म्हणून मागे दोन लहान चाकं लावलेली असतात. त्या कोनात ही लहान चाकं जमिनीला टेकतात, मोटरची चाकं उचलली जाऊन नुसती फिरत राहतात आणि गाडी जागीच अडकते. पुढे पत्रा संपून बोटीचा डेक सुरू होतो तिथे पोट टेकतं. माणूस बसलेला असताना हे झालं तर उतरायलाही जागा नसते.

उताराचा हिशेब साधा आहे. बसून चढायला 1:12 हा उतार सुरक्षित धरतात, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. रिकामी गाडी दोघांनी धरून न्यायची असेल तर 1:6 पर्यंत जमतं. ओहोटीला धक्क्याचा उतार याहून खडा असू शकतो, आणि पाण्याखालचा भाग उघडा पडल्याने त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो.

म्हणून फेरीची वेळ भरतीकडे बघून ठरवा. कोळ्यांचा आडाखा तुम्हाला ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हा आडाखा मुंबईकडचा, दाभोळकडे भरती त्याहून काहीशी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, दुपारच्या सुमारास पाणी चढतं आणि संध्याकाळी ओहोटी खोल जाते. त्या दिवशी संध्याकाळची फेरी टाळा. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत-उतरत नाही, तेव्हा दिवसभर सोपं जातं.

चढवायचा क्रम असा. मोटारी चढून होऊ द्या. सासूबाईंना दोघांनी हात देऊन किंवा साध्या चाकाच्या खुर्चीतून आधी आत नेऊन बाकावर बसवा. मग स्कूटरची सीट आणि बॅटरी काढा, गाडी तेवढ्यानेच वीसेक किलोने हलकी होते. आता मागच्या मोटरजवळचा खटका ‘फ्री’वर करून एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने मागून. खटका फ्रीवर असताना गाडीला ब्रेकच नसतो, कारण या गाड्यांचा ब्रेक मोटरवर असतो आणि खटक्याने मोटर चाकापासून सुटते. उतारावर हात सुटला तर गाडी थेट खाडीत जाईल. डेकवर पोचताच खटका ‘ड्राइव्ह’वर टाका, किल्ली काढा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा सारा. बॅटरी डेकच्या ओल्या पत्र्यावर न ठेवता बाकावर ठेवा. खलाशांना आधी सांगितलं तर ते कडेची जागा देतात आणि हातही लावतात.

वेसवी–बागमांडला, जयगड–तवसाळ आणि दिघी–आगरदांडा या फेऱ्यांनाही हेच लागू. घरची मोटार असेल तर प्रश्नच मिटतो: स्कूटर मोटारीत आणि मोटार बोटीत.

प्रश्न : कणकवलीहून नातवंडांना घेऊन खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचं आहे. आजोबा स्कूटर वापरतात. रेल्वेने पनवेल आणि पुढे टॅक्सी, हे जमेल का? (कणकवली)

जमेल. अडचण गाडीत जागा मिळण्याची नाही, थांबा दोन मिनिटांचा असतो ही आहे. उंच फलाट रुळापासून साधारण 76 ते 84 सेंटिमीटर असतो आणि डब्याची जमीन सव्वा मीटरच्या पुढे. म्हणजे फलाटावरूनही हात-सव्वा हात चढायचं राहतंच. एवढ्या उंचीला 1:12चा रॅम्प पाच मीटरहून लांब लागेल, तेव्हा रॅम्पच्या भरवशावर राहू नका. स्कूटर भाग करूनच चढवावी लागते.

गाडी फलाटाला लागायच्या पंधरा मिनिटं आधी आजोबांना बाकावर बसवून स्कूटर सोडवून ठेवा. सुटी होणारी स्कूटर पाच भागांत निघते: टोपली, सीट, बॅटरी, पुढचा भाग आणि मोटरसह मागचा भाग. मागचा भाग सर्वांत जड, साधारण 15 ते 18 किलोचा. बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर दहा-बारा किलो, लिथियमची असेल तर तीनेक किलो. एक जण आधीच डब्यात चढतो, दुसरा खालून देतो. मागचा भाग आधी, मग पुढचा, मग बॅटरी. सीट आणि टोपली शेवटी, कारण थांबा संपत आला तर त्या कोणीही झटकन आत टाकू शकतो. आजोबांना या सगळ्याच्या आधी चढवायचं, नंतर नाही. माणूस फलाटावर आणि स्कूटर डब्यात, असं व्हायला वेळ लागत नाही.

दिव्यांगांचा डबा गार्डच्या डब्याला जोडून, गाडीच्या टोकाला असतो. त्याचं दार रुंद असतं आणि स्वच्छतागृहात धरायला दांडे असतात. तो फलाटावर नेमका कुठे लागतो ते स्टेशन मास्तरांना आदल्या दिवशी विचारा, आणि गाडी कोणत्या फलाटावर येणार तेही, कारण पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर स्कूटरचा काही उपयोग नाही. 139 वर व्हीलचेअरची मदत मागता येते. मुंबई–मडगाव वंदे भारत कणकवलीला आणि पनवेलला थांबते. तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरची जागा आणि मोठं स्वच्छतागृह आहे, दारंही रुंद आहेत. आजोबांना सोबतीशिवाय प्रवास करता येत नसेल आणि रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढलं असेल, तर मेल-एक्स्प्रेसच्या स्लीपर आणि थर्ड एसीला त्यांना आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. हे ओळखपत्र प्रवासाच्या बरंच आधी काढून ठेवा.

पनवेलला टॅक्सी ठरवताना पहिला प्रश्न: डिकीत सीएनजीची टाकी आहे का? असेल तर सूटकेससुद्धा कशीबशी मावते, स्कूटर नाहीच. एर्टिगासारखी सात आसनी घ्या, मागची रांग पाडा, आणि तेवढी माणसं कमी बसणार हे आधीच धरून चला. भाग पट्ट्याने बांधताना लोखंडी सांगाड्याला बांधा, हँडलला किंवा सीटच्या हातांना नको, ती निसटतात. चालत्या वाहनात स्कूटरवर कोणीही बसू नये, ती कितीही घट्ट बांधलेली असली तरी.

महाड-माणगावकडून मोटारीने येणाऱ्यांना पनवेलपर्यंत जायची गरज नाही. वाकण फाट्याला उजवीकडे वळून पालीवरून खोपोली रस्त्याने गेलं की इमॅजिका वाटेतच लागतं.

प्रश्न : पार्कमध्ये गेल्यावर राइडला कसं बसवायचं? (रोहा)

तिकीट काढायच्या आधी फोन करून चार गोष्टी विचारा. स्वतःची स्कूटर आत नेता येते का. फाटकाजवळ फिरत्या दांड्याशिवाय दुसरी वाट आहे का. कोणत्या राइडला पायऱ्या न चढता पोचता येतं. आणि आणीबाणीत राइड मध्येच थांबली तर पायऱ्यांनी उतरावं लागतं का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्वतःच्या पायांनी उतरता न येणाऱ्या माणसाला कर्मचारी काही राइडना बसू देत नाहीत, आणि ते त्याच्या जिवासाठीच असतं. हे घरीच कळलं तर रांगेच्या तोंडाशी आजोबांचा हिरमोड होत नाही.

रांगेच्या नागमोडी कठड्यांत स्कूटर शिरते, पण वळत नाही. गाडीची लांबी मीटरभराहून जास्त असते, तिथल्या काटकोनात ती अडकते आणि मागे रांग लागलेली असल्याने मागेही घेता येत नाही. बाहेर पडायच्या वाटेने आत सोडता का, असं विचारा. स्कूटरवरून राइडच्या सीटवर सरकायचं असेल तर स्कूटरची सीट बाजूला वळवून खटक्यात बसली आहे याची खात्री करा, किल्ली आधी काढा. उठताना अंगठा चुकून वेगाच्या पात्यावर दाबला जातो आणि गाडी पायाखालून सरकते. पडण्याचे प्रसंग बहुतेक असेच घडतात. हँडलवर ससा आणि कासव यांची चित्रं असलेली चकती असते. गर्दीत ती कासवाकडे, चढावर निम्म्याच्या पुढे सशाकडे. चढावर कासवावर ठेवली तर मोटर कण्हत राहते आणि तापते.

प्रश्न : एसटीने नेता येईल का? (राजापूर)

लाल गाडीच्या तीन उंच पायऱ्या आणि अरुंद दार पाहता, सोबत दोन धडधाकट माणसं असतील तरच. डिकी असलेल्या गाडीचं आरक्षण घ्या, आणि गाडी जिथून सुटते त्या आगारातूनच चढा. वाटेतल्या थांब्यावर डिकी उघडायला वेळ मिळत नाही. मोठे भाग डिकीत आडवे, सामान त्यांच्यावर नको. बॅटरी आणि किल्ली स्वतःजवळ. 75 वर्षांवरच्या व्यक्तीला एसटी मोफत आहे, ओळखपत्र हाताशी ठेवा.

प्रश्न : भाग जोडल्यावर गाडी सुरूच होत नाही. दिवा लागतो, पण चाक हलत नाही. (चिपळूण)

खटका फ्रीवर राहिला आहे. दहापैकी नऊ वेळा हेच असतं. खटका ड्राइव्हवर टाका, किल्ली बंद करून पुन्हा चालू करा. नुसता खटका टाकून काही गाड्या जाग्या होत नाहीत. तरीही नाही तर: किल्ली फिरवताना पातं दाबलेलं होतं का? मग गाडी मुद्दाम अडून राहते. चार्जरची पिन अडकलेली आहे का? दिवाच लागत नसेल तर बॅटरीची पेटी नीट खाली बसलेली नाही, किंवा पेटीवरचं छोटं बटण बाहेर उडालं आहे. ते मिनिटभर थांबून दाबा. पुन्हा लगेच उडलं तर दाबत बसू नका, वायर कुठेतरी चेपली आहे. बहुतेक वेळा ती पुढचा आणि मागचा भाग जोडताना मध्ये सापडते.

प्रश्न : मुरूड-जंजिऱ्याला स्कूटर? (अलिबाग)

नाही. राजपुरीहून शिडाच्या होडीत उतरायचं, आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर पाऊल टाकायचं. स्कूटर धक्क्यावरच ठेवा. मुंबईहून अलिबागला येणाऱ्या पाहुण्यांना मात्र गेटवेच्या लाँचऐवजी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सांगा. मोटारीतून थेट बोटीत जाता येतं, आणि पावसाळ्यात लाँच बंद असतात तेव्हाही ती चालते.

प्रश्न : वाळूत चालते का? आणि चार्जिंग कुठे करायचं? (मालवण)

कोरड्या वाळूत चाक रुततं, आणि रुतल्यावर पातं दाबत राहिलं की मोटर जळते. ओहोटीची घट्ट ओली वाळू चाकाला पेलते, पण खारं पाणी मोटरच्या ब्रेकमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेलं की महिन्याभरात किरकिर सुरू होते. गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने चाकं, खालचा सांगाडा आणि बॅटरीच्या पितळी पट्ट्या पुसा. पाइपने धुऊ नका. पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, गाडी मध्येच बंद पडायचं कारण बहुधा तोच असतो.

चार्जिंग मुक्कामी, रात्री. 24 व्होल्ट 12 अँपिअर-तासाची बॅटरी 2 अँपिअरच्या चार्जरवर सहा ते आठ तास घेते. रेल्वेच्या डब्यात लावू नका. लॉजवर वीज गेली आणि साध्या इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणायला किंवा तापायला लागला, तर काढून ठेवा. पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्मंच धरा. जांभ्याच्या चढउताराच्या वाटा पुस्तिका लिहिणाऱ्याने पाहिलेल्या नसतात.