ब्लूटूथ हेडसेटवर लॅपटॉपची गाणी छान वाजतात, पण मीटिंग सुरू झाली की आवाज फाटतो, कधी बंदच होतो. फोनवर मात्र हाच हेडसेट व्यवस्थित चालतो. परत करू का?

इतक्यात परत करू नका. गाणी नीट वाजतात आणि मीटिंगलाच घोळ होतो, असं तुम्ही लिहिलंय, त्यातच उत्तर आहे. बहुतेक हेडसेट ठणठणीत आहे आणि लॅपटॉपही. भानगड माइकची आहे. मी एका कंपनीत आयटी सपोर्टचं काम करतो आणि हेडसेटच्या तक्रारींत ही तक्रार कायम पहिल्या नंबरावर असते.

आधी खात्री करून घ्या. हेडसेट जोडून यूट्यूबवर एखादा अभंग लावा, टाळ खणखणीत वाजणारा. तो चालू असतानाच विंडोजचं साउंड रेकॉर्डर उघडा (विंडोज १० मध्ये त्याचं नाव व्हॉइस रेकॉर्डर), माइक म्हणून हेडसेट निवडा आणि रेकॉर्डिंग सुरू करा. त्याच क्षणी टाळ विरून जातील, पखवाज बोथट होईल आणि बुवा डब्यात बसून गातायत असं वाटेल. विंडोज १० वर अभंग कदाचित साफ थांबेल. रेकॉर्डिंग बंद करा, क्षणभरात सगळं पूर्ववत. असं झालं तर रोग सापडला.

कारण असं, की ब्लूटूथकडे आवाज नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत. पहिली ए२डीपी. तिच्यात आवाज लॅपटॉपकडून कानाकडे, एकाच दिशेने जातो, पण स्टीरिओ आणि चांगल्या दर्जाचा. माइकला तिथे जागाच नाही. दुसरी एचएफपी, म्हणजे हँड्स-फ्री. हिच्यात आवाज दोन्हीकडून जातो, पण मोनो आणि फोन कॉलच्या दर्जाचा. गाण्यांच्या फाइलमध्ये आवाजाचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने असतात. हँड्स-फ्रीच्या जुन्या प्रकारात ८,००० आणि त्यानंतर आलेल्या एमएसबीसी प्रकारात १६,०००. नमुने ८,००० असले, तर ४ किलोहर्ट्झच्या वरचं, म्हणजे त्याहून तीक्ष्ण, काहीच पोचत नाही. टाळांची खणखण तिथेच वर असते, आणि बोलण्यातल्या स, श चा बराच भागसुद्धा. कोणत्याही ॲपने हेडसेटचा माइक मागितला की विंडोज पहिली पद्धत सोडून दुसरी धरतं. टीम्स, झूम, मीट, गेममधलं व्हॉइस चॅट, सगळ्यांचं तेच.

फोनवर कॉल घेतलात की तिथेही हेच होतं. फक्त तेव्हा गाणं थांबलेलं असतं आणि कॉलचा आवाज असाच असतो हे कानाने मान्य केलेलं असतं, म्हणून फरक जाणवत नाही.

'कधी बंदच होतो' याचाही उलगडा यातच आहे. विंडोज १० मध्ये एकच हेडसेट साउंडच्या यादीत दोनदा दिसतो: एकदा 'हेडफोन्स', पुढे स्टीरिओ, आणि एकदा 'हेडसेट', पुढे हँड्स-फ्री. मीटिंगने माइक हँड्स-फ्रीचा घेतला आणि स्पीकर स्टीरिओवाला राहिला, की स्टीरिओची नोंद गप्प बसते. विंडोज ११ ने या दोन नोंदी एकत्र केल्या, त्यामुळे हा गोंधळ बराच कमी झाला. दर्जा मात्र माइक चालू होताच तिथेही पडतो.

उपाय फुकटचा आहे: ऐका हेडसेटमधून, बोला लॅपटॉपच्या माइकमध्ये. मीटिंगच्या ॲपमध्ये सेटिंग्ज, ऑडिओ किंवा डिव्हाइसेस उघडा. स्पीकरला हेडसेट, माइकला 'मायक्रोफोन ॲरे' किंवा लॅपटॉपच्या माइकचं जे नाव असेल ते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्येही इनपुटला तोच ठेवा, म्हणजे नवं ॲप परस्पर हेडसेटचा माइक उचलणार नाही. मला विचाराल तर यापुढे काही करायची सहसा गरज पडत नाही.

तरी एखादं ॲप हट्टाने हेडसेटचाच माइक धरत असेल, तर विंडोजच्या जुन्या 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स' खिडकीत हेडसेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सर्व्हिसेस, आणि 'हँड्सफ्री टेलिफोनी'समोरची खूण काढा. मग हेडसेटचा माइक लॅपटॉपला दिसणारच नाही. हवा झाला की खूण परत लावायची.

घरात कुकरच्या शिट्ट्या, खाली रिक्षांचे हॉर्न, अशात लॅपटॉपचा माइक सगळंच उचलतो, हे खरं. तेव्हा साधा यूएसबी माइक घ्या, किंवा फोनचे जुने वायरवाले इअरफोन लॅपटॉपच्या जॅकमध्ये खोचून फक्त त्यांचा माइक वापरा. दिसायला विचित्र, चालतं झकास. नवा हेडसेट घ्यायचाच झाला तर एलई ऑडिओवाला बघा, ही ब्लूटूथवरून आवाज नेण्याची नवी पद्धत. त्यात एकाच वेळी माइक आणि चांगला आवाज मिळू शकतो. पण लॅपटॉपचं ब्लूटूथ आणि त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) दोन्ही एलई ऑडिओ चालवणारे हवेत, आणि विंडोज ११ ची २२एच२ किंवा पुढची आवृत्ती हवी. लॅपटॉपवर नुसतं 'ब्लूटूथ ५.२' छापलंय एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

आता तुमचा रोग हा नसेल तर. कनेक्टेड दिसतो पण गाणंसुद्धा वाजत नाही, अशा वेळी आधी फोनचं ब्लूटूथ बंद करून बघा. हेडसेट एकाच वेळी दोन उपकरणांना जोडणारा असला, तर फोनवरच्या एखाद्या रीलने तो पळवलेला असतो. मग व्हॉल्यूम मिक्सर उघडून त्या ॲपचा आवाज दुसऱ्याच स्पीकरकडे तर वळलेला नाही ना, ते पाहा. मीटिंग सुरू झाल्यावर बाकीच्या ॲपचा आवाज नुसताच बारीक होत असेल, तर जुन्या साउंड खिडकीतल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबमध्ये 'डू नथिंग' निवडा. विंडोज आपणहून इतर आवाज ८० टक्क्यांनी खाली आणतं.

आवाज मध्येमध्ये तुटत असेल तर कारण हवेतलं असू शकतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि बरंचसं वायफायही. राउटर ५ गिगाहर्ट्झवाला असेल तर लॅपटॉप त्यावर घ्या. यूएसबी ३ च्या पोर्टला लावलेली हार्ड डिस्क किंवा हबही याच पट्ट्यात गोंगाट करतो. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर लिहिलं होतं. ती डिस्क किंवा हब काढून बघा. ब्लूटूथचा डाँगल वापरत असाल तर तो छोट्या एक्स्टेंशन केबलने डिस्कपासून लांब न्या.

हेडसेट काढून टाकून नव्याने पेअर करणं लोक पहिल्यांदा करतात, मी सगळ्यात शेवटी करतो. त्याआधी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून ब्लूटूथचा ड्रायव्हर नवा टाका. आणि साध्या फोन कॉलवरही समोरच्याला तुमचा आवाज नीट जात नसेल, तरच हेडसेटचा माइक गेलाय असं समजा आणि वॉरंटीचं बिल शोधायला घ्या.