माशाच्या अंगावरचा टॅग नेमकं सांगतो काय?

प्रश्न : आमची घरची बोट आहे, हर्णै बंदरात लागते. मोबाइलवर व्हिडिओ बघितला, परदेशात मोठ्या माशांना यंत्र लावून सोडतात आणि सॅटेलाइटवरून ते कुठे गेले ते बघतात. पण पाण्याखाली जीपीएस कसा काय चालतो? आणि यातून शेवटी मच्छीमारावरच अजून एक बंदी येणार का? १ जून ते ३१ जुलै आम्ही बोटी वर ओढून ठेवतोच.
— एक वाचक, हर्णै

उत्तर : पाण्याखाली जीपीएस चालतच नाही, सॅटेलाइटचे सिग्नल खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. त्यामुळे ट्यूनासारख्या माशाला लावलेला टॅग लाइव्ह लोकेशन वगैरे काही पाठवत नसतो, तो नुसता नोंद करत बसतो, खोली किती, पाणी किती गरम, उजेड किती. यात सगळ्यात कामाचा उजेड. सूर्य कधी उगवला, कधी मावळला हे कळलं की बरोबर मधली वेळ म्हणजे तिथली दुपार, ती ग्रिनिचच्या दुपारपेक्षा किती पुढे-मागे आहे त्यावरून रेखांश निघतो, आणि दिवस किती तासांचा होता त्यावरून अक्षांश. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र सगळीकडेच दिवस जवळपास १२ तासांचा, मग अक्षांशाचा हिशोब पार कोलमडतो, अशा वेळी टॅगने मोजलेलं वरच्या पाण्याचं तापमान सॅटेलाइटच्या नकाशाशी जुळवून बघतात. ठरलेल्या तारखेला टॅगमधली बारीक पिन वीज सोडून गंजवली जाते, टॅग सुटतो, वर येऊन तरंगतो आणि आर्गोस नावाच्या सॅटेलाइट यंत्रणेला साठवलेल्या माहितीचा सारांश पाठवतो. जागेत शंभरेक किलोमीटरचा फरक सहज पडू शकतो, पण अख्खा महासागर ओलांडणाऱ्या माशाच्या बाबतीत तेवढं चालून जातं.

आता बंदीचं. यासाठी अटलांटिकमधल्या ब्लूफिन ट्यूनाचं बघा. आपल्या कुपा-गेदरच्याच घराण्यातला, पण अवाढव्य, १९७९ मध्ये कॅनडात नोव्हा स्कॉशियाला गळाला लागलेला एक तर ६७९ किलोचा होता. याच्या मासेमारीचे नियम ठरवणारी आयकॅट नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला महासागराच्या मधोमध ४५ अंश पश्चिम रेखांशावर रेघ मारली, पूर्वेच्या माशांचा साठा वेगळा, पश्चिमेचा वेगळा, किती मासा धरायचा तो कोटाही वेगळा. १९९६ पासून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बार्बरा ब्लॉक आणि त्यांच्या टीमने अमेरिकेच्याच नॉर्थ कॅरोलायना किनाऱ्याजवळ ब्लूफिन पकडून त्यांच्या पोटात टॅग (हा वेगळ्या प्रकारचा, सुटून वर न येणारा) बसवायला सुरुवात केली, आणि दिसलं काय, तर मासे ती रेघ ओलांडून सर्रास जा-ये करतात, चरायला सगळे एकत्र, अंडी घालायला मात्र आपापल्या ठिकाणी, एक गट मेक्सिकोच्या आखातात आणि दुसरा भूमध्य समुद्रात. आयर्लंडजवळ तर दोन ब्लूफिनना काही मिनिटांच्या अंतराने टॅग लावून सोडलं होतं, आठ महिन्यांनी एक निघाला पोर्तुगालजवळ आणि दुसरा पार क्यूबाच्या बाजूला, दोघांच्या मध्ये पाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त समुद्र!

म्हणजे पश्चिमेच्या मच्छीमाराने कोटा कितीही काटेकोर पाळला तरी त्याचा मासा पूर्वेला जाऊन दुसऱ्याच्या जाळ्यात पडतो, आणि पश्चिमेचा साठा मुळात लहान. हा अन्याय नुसत्या बाजारातल्या वजनाच्या आकड्यांवरून कधीच कळला नसता. २०२२ मध्ये आयकॅटने कोटा ठरवायची नवी पद्धत मंजूर केली, त्यात दोन्ही साठे मिसळतात हे धरूनच हिशोब केलाय.

आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. मेक्सिकोच्या आखातात ब्लूफिनची थेट मासेमारी १९८२ पासून बंद, तरी यलोफिन या ट्यूनाच्याच दुसऱ्या जातीसाठी टाकलेल्या लाँगलाइनला, म्हणजे ओळीने गळ लावलेल्या लांबलचक दोरीला, अंडी घालायला आलेले मोठे ब्लूफिन अडकून मरायचे. तिथे सगळंच बंद करा म्हणणारे होतेच. त्याऐवजी अमेरिकेने २०११ मध्ये कमजोर तारेचा गळ सक्तीचा केला, दोनशे-अडीचशे किलोच्या ब्लूफिनने जोर लावला की गळ सरळ होतो आणि मासा सुटतो, यलोफिन मात्र अडकून राहतो. २०२० मध्ये ही सक्ती वर्षभराऐवजी जानेवारी ते जून एवढीच ठेवली, कारण ब्लूफिन आखातात असतो तेव्हाच तिचा उपयोग. मी खोटा दिलासा देणार नाही, टॅगच्या माहितीवरून एखाद्या जागेवर बंदी येऊ शकते. पण मासा कधी कुठे असतो हे माहीत नसताना जो नियम होतो तो सरसकट होतो आणि छोट्या बोटवाल्याला तोच सगळ्यात जास्त मारतो, हे माझं ठाम मत आहे. आपल्याकडेही हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने इतर संस्थांसोबत यलोफिनला सॅटेलाइट टॅग लावलेत. अशी कामं चालू असताना मच्छीमार सोसायट्यांनी आपला माणूस तिथे बसवायचा आग्रह धरावा, नकाशा तयार झाल्यावर बोलावून उपयोग नाही.

प्रश्न : टॅगमुळे मासा मरत नाही का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काही मरतात, हे लपवण्यात अर्थ नाही, पण बहुतेक वेळा त्रास टॅगपेक्षा पकडताना झालेल्या दमछाकीचा असतो. म्हणून मासा डेकवर घेतला की लगेच डोळ्यांवर ओलं फडकं टाकतात आणि तोंडात पाइप घालून कल्ल्यांवरून समुद्राचं पाणी सोडत ठेवतात, काम काही मिनिटांत उरकायचं असतं. बांगडा-तारलीसारख्या लहान माशाला सॅटेलाइट टॅग झेपणारच नाही.

प्रश्न : जाळ्यात टॅगवाला मासा आला तर काय करायचं? पोलीस केस वगैरे होते का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : केस कसली, उलट अनेक ठिकाणी बक्षीस असतं, ब्लूफिनच्या पोटातला टॅग परत केला तर हजार डॉलर मिळायचे. पोटातला टॅग स्वतःहून काहीच पाठवत नाही, तो हातात आला तरच माहिती मिळते, म्हणजे सगळा मामला मासा साफ करणाऱ्यावर येऊन थांबतो. टॅग फेकू नका, तोडू नका. तारीख, बोट कुठे होती ते जीपीएसवर बघून, माशाची लांबी आणि टॅगवरचा नंबर लिहून घ्या, मोबाइलने फोटो काढा. टॅगवर बहुतेक वेळा फोन किंवा ईमेल छापलेला असतो, तो पुसला गेला असेल तर जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या, भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचं मुख्यालयही मुंबईतच आहे. आणि टॅग देताना पोच मागून घ्या.