एकाच जातीची दोन रोपं, खतही तेच, तरी पानांतलं नत्र (नायट्रोजन) वेगळं का? लॅब चुकली का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: एकाच जातीची दोन रोपं, माती तीच, खत तेच, एक दिवसभर उन्हात आणि एक सावलीत. पानं तपासायला दिली तर सावलीतल्या लुकड्या रोपात नत्र ३.४ टक्के आणि उन्हातल्या धट्ट्याकट्ट्या रोपात २.६. मग नमुन्यांची अदलाबदल झाली असेल का?

शक्यता कमी वाटते. असं होतं, आणि बऱ्याचदा होतं.

त्याचं काय आहे, रिपोर्टमधला टक्का म्हणजे अपूर्णांक असतो, वर नत्र आणि खाली पानाचं वाळवलेलं वजन, आणि आपण सगळे फक्त वरच्या आकड्याचा विचार करतो. उन्हात वाढलेलं पान जाड होतं, पेशींचे थर वाढतात, त्यात स्टार्च, साखर, पेशीभित्तिका असं कार्बनचं सामान ठासून भरतं, म्हणजे खालचा आकडा फुगतो आणि टक्का आपोआप उतरतो. सावलीतलं पान पातळ आणि पसरट, त्याच्या १ ग्रॅममध्ये पानाचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त बसतं. तेच नत्र वजनावर न मोजता दर चौरस सेंटीमीटरला मोजून बघा, बहुतेक वेळा उन्हातलं पान पुढे निघतं. आणि ते बरोबरच आहे, कारण पानातल्या नत्राचा मोठा वाटा, गव्हासारख्या पिकांत साधारण पाव हिस्सा, रुबिस्को नावाच्या एकट्या एन्झाइममध्ये गुंतलेला असतो. हवेतला कार्बन पकडायचं काम त्याचं, त्यामुळे जिथे ऊन जास्त तिथे हा माल जास्त लागतो.

हेच अपूर्णांकाचं गणित इतर ठिकाणीही लागतं. हवा छान, पाणी भरपूर, रोप सुसाट वाढतंय, अशा वेळी नत्र, स्फुरद (फॉस्फरस) मुळांतून येत असूनही टक्का खाली जाऊ शकतो कारण पानं त्याहून जोरात वाढतायत. उलट थंडीने किंवा दुसऱ्याच कशाने वाढ खुंटली की आहे तेवढं अन्नद्रव्य थोड्याशा पानांत साचतं आणि रिपोर्ट मस्त दिसतो, रोप मात्र रडतंय! म्हणून रिपोर्टसोबत रोपाकडेही बघायचं असतं.

पाण्याचा खेळ वेगळाच. स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) ओल्या मातीतून मुळापर्यंत हळूहळू सरकत येतात, माती कोरडी पडली की ही वाट तुटते, मग मातीत साठा असला तरी पानात कमी दिसतो. कॅल्शियमचं तर मला भारी कौतुक वाटतं, ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर चढतं, ज्या पानातून पाणी जास्त उडतं तिथे जाऊन बसतं आणि एकदा बसलं की जवळजवळ हलतच नाही. त्यामुळे हवा दमट झाली की लेट्यूसच्या गड्ड्यातली आतली कोवळी पानं कडेने करपतात, बाहेरची पानं ठणठणीत, आणि मातीत कॅल्शियमची काही कमी नसते. अशा वेळी लोक अजून कॅल्शियम ओततात, खरी गरज असते हवा खेळती ठेवायची.

लोहाचं पण तसंच, मातीत भरपूर असतं पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ७.५ ते ८ च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकतं आणि नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. सामू फार खाली गेला तर उलटी तऱ्हा, मँगनीज इतकं विरघळतं की पानात विषासारखं साठू शकतं.

पालेभाजीच्या पानांत आणखी एक गंमत, नायट्रेट, म्हणजे मुळं मातीतून नत्र ज्या रूपात घेतात त्यातलं एक. मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचं प्रथिन करायला पानाला उजेडाची ऊर्जा लागते, त्यामुळे ढगाळ हवेत, कमी उजेडात ते तसंच पडून राहतं. युरोपियन युनियनच्या नियमात तर हे सरळ मान्य केलंय: उघड्या शेतातल्या ताज्या लेट्यूसला एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किलोला ३००० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आणि ऑक्टोबर ते मार्चमध्ये ४०००. तीच भाजी, फक्त ऋतू वेगळा. नायट्रेट कमी हवं असेल तर भाजी सकाळी न काढता दिवसभर ऊन खाऊन झाल्यावर काढलेली बरी.

आता माझी फजिती सांगतो. मी एकदा एका रोपाची खालची जून पानं आणि दुसऱ्याची शेंड्याची कोवळी पानं पाठवली आणि फरक बघून मातीला शिव्या घातल्या. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्याला दिलं जातं, कॅल्शियम मात्र जुन्यातच साचत राहतं, म्हणजे मी मातीची तुलना करतच नव्हतो, पानांच्या वयाची करत होतो. लॅबचा काही दोष नव्हता.

तर तुम्ही असं करा, दोन्ही रोपांवरून नुकतीच पूर्ण वाढलेली पानं घ्या, शेंड्यापासून मोजून एकाच नंबरची, एकाच दिवशी आणि एकाच वेळेला. खत फवारल्यावर लगेच नको. वाळवायच्या आधी पानं आलेखाच्या कागदावर ठेवून कडेने आखा आणि चौकोन मोजा, मग वाळल्यावर वजन करा. पानाचं वाळलेलं वजन भागिले क्षेत्रफळ, त्याला नत्राच्या टक्क्याने गुणून १०० ने भागलं की दर चौरस सेंटीमीटरचं नत्र मिळेल. दोन्ही आकडे इथे टाका, मी बघतो. आणि सावलीतल्या कुंडीची माती जास्त वेळ ओली राहते का तेही लिहा, कारण तसं असेल तर दोन रोपांत फरक नुसता उन्हाचा नाही, पाण्याचाही आहे.