चिकूचा मुतखडा आणि लेकीची दहावी

ताई, लेक चौथीत असताना हट्टाने गिनीपिग घेतला. आता ती दहावीत, चिकू सहा वर्षांचा आणि त्याचं सगळं माझ्या गळ्यात. महिनाभर लघवी करताना चिरकतो, फडक्यावर गुलाबी डाग दिसतात. लेंड्या बारीक आणि कोरड्या, शिवाय मागे मऊ गोळा अडकतो, त्याला भयंकर वास येतो. एक्स-रेत मूत्राशयात खडा निघाला. डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, पण वयामुळे खात्री देत नाहीत. आमचे हे म्हणतात, उंदरावर एवढा पैसा? सासूबाई पानफुटीची पानं द्यायला सांगतात. लेकीचं अॅमॉक्सिसिलिनचं सिरप उरलंय, त्यातलं थोडं देऊ का? लेकीला यातलं काही सांगितलेलं नाही, परीक्षा तोंडावर आहे.
— चिकूची आई, डोंबिवली

अहो चिकूच्या आई,

आधी ते सिरप. एक थेंबही देऊ नका. अॅमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन ही पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पोटात गेली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विष तयार करणारे माजतात आणि काही दिवसांत जनावर हातचं जातं. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर त्याला चालणारी वेगळी अँटिबायोटिक्स आहेत. ती डॉक्टर वजन बघून देतील. पानफुटीही नको. माणसाच्या मुतखड्यावर आपल्याकडे ती सर्रास खातात, पण तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि चिकूचं अख्खं वजन किलोच्या आसपास. सासूबाई कुळथाच्या कढणावर येण्याआधीच सांगून टाका: गिनीपिगचा खडा बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो काढ्याने, पथ्याने किंवा गोळीने विरघळत नाही.

चिकू नर आहे, म्हणून फडक्यावर नजर ठेवा. मादीचा बारीक खडा कधीकधी आपसूक पडून जातो. नराची मूत्रनलिका अरुंद, तिथे खडा अडकला तर लघवीच बंद. फडकं कोरडं आहे आणि तो पाठीला कुबड काढून, केस फुलवून बसलाय असं दिसलं, तर घड्याळ न बघता निघायचं. नुसती पांढरट लघवी बघून मात्र घाबरू नका, यांची तशीच असते. वाळलेला डाग बोटाने चोळून बघा. पिठासारखा लागला तर ठीक, रेतीसारखा खरखरला तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता तो वासाचा गोळा. गिनीपिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतात. त्यातल्या मऊ लेंड्या ते थेट मागून तोंडात घेऊन पुन्हा खातात, कारण पहिल्या फेरीत न पचलेलं सत्त्व त्यात असतं. म्हाताऱ्या नरांच्या गुदाजवळचे स्नायू सैल पडतात आणि ही मऊ विष्ठा तिथल्या पिशवीत साचून राहते. ती तुम्हालाच काढावी लागणार, बहुधा रोज. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, कोमट पाण्याने भाग ओला करा, खोबरेल तेलाचं बोट लावा आणि दोन्ही बाजूंनी हलकं दाबून गोळा बाहेर येऊ द्या. आत काही खुपसायचं नाही. पहिल्यांदा डॉक्टरांकडून करून दाखवून घ्या. नाकाला पदर लावा, दुसरा उपाय नाही.

लेंड्या बारीक पडताहेत म्हणजे पोटात पुरेसं जात नाहीये. या प्राण्याचं आतडं सतत चालू लागतं. अर्धा दिवस तोंडात काही गेलं नाही तरी धोका सुरू होतो. दाढा तपासून घेतल्यात का? यांचे सगळेच दात जन्मभर वाढतात. दाढांची टोकं जिभेला टोचली की गवताजवळ जातो, काडी उचलतो आणि टाकून देतो. तोवर पेलेट, म्हणजे त्याच्या तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून पातळ करा आणि सुई नसलेल्या 1 मिलीच्या सिरिंजने, पुढच्या दातांमागच्या फटीतून, बाजूने भरवा. अर्धा मिली द्या, चावू द्या, मगच पुढचं. उताणं धरून कधीच नाही, घास श्वासनलिकेत जातो. आणि पोट ढोलासारखं ताणलेलं असेल तर भरवणं थांबवून दवाखाना गाठा.

सुकं टिमोथी गवत किंवा स्वच्छ जागची हरळी दिवसभर समोर असू दे. लसूणघास, शेवग्याचा पाला, पालक, माठ बंद. ढोबळी मिरचीची फोड रोज द्या: हे प्राणी माणसासारखेच क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाहीत आणि मिरचीत कॅल्शियम कमी असतं. काकडीनं पाणीही पोटात जाईल.

ऑपरेशनबद्दल माझं मत विचाराल तर, नाही केलंत तरी तुम्ही निर्दयी ठरत नाही. खडा काढूनही पुन्हा होतो, आणि सहा वर्षं म्हणजे त्याचं म्हातारपणच. पण निर्णयाआधी डॉक्टरांना विचारा: मूत्रपिंडं कशी आहेत, तुम्ही किती गिनीपिगना भूल दिलीय, आधी उपाशी ठेवायचं का? रात्रभर उपाशी ठेवा असं उत्तर आलं, तर दुसरा डॉक्टर शोधा. गिनीपिगला उलटी होतच नाही. उपासाने फक्त आतडं बंद पडतं. ऑपरेशन करा किंवा करू नका, वेदनाशामक मात्र हवंच, तेही डॉक्टरांनी दिलेलं. घरातल्या डब्यातली गोळी नव्हे. तुमच्या साहेबांना सांगा, चिकू केवढ्याला आणला होता हा हिशेब इथे लागू नाही. परवडत नसेल तर तसं स्पष्ट म्हणावं, त्यात लाज नाही. "उंदीर आहे" म्हणून दुखणं अंगावर काढू देणं मला मान्य नाही. औषध चालू असूनही तो प्रत्येक लघवीला ओरडत असेल, गवताला तोंड लावत नसेल, वजन उतरतच असेल, तर त्याला कायमचं शांतपणे झोपवण्याविषयी डॉक्टरांशी बोला. तेही उपचारांतच येतं.

लेकीला आजच सांगा. तिच्याच घरात तो चिरकतो, तिला काहीच कळलेलं नाही असं तुम्हाला खरंच वाटतं? ऐन पेपरच्या सकाळी पिंजरा रिकामा दिसला तर ती तो पेपर आणि तुम्ही लपवलेलं, दोन्ही विसरणार नाही. तिला एक काम द्या: रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून चिकूचं वजन घ्यायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. पाच मिनिटांत होतं. आठवड्यात पन्नास ग्रॅम उतरलं तर डॉक्टरांना फोन. ऑपरेशनचा निर्णय मात्र तिच्यावर टाकू नका, तो तुम्हा दोघांचा. आणि "पेपर संपेपर्यंत थांबू" असं म्हणून ढकलू नका. चिकूची लघवी बोर्डाच्या वेळापत्रकाने चालत नाही.

डॉक्टरांशी बोलणं झालं की पुन्हा लिहा, वजनाचे आकडे सोबत पाठवा.