स्टिरिओ फोटो काढायला लागलायस, तर आधी हे समज

स्टिरिओ फोटो म्हणजे थोडं बाजूला सरकून काढलेले एकाच दृश्याचे दोन फोटो; एक डाव्या आणि एक उजव्या डोळ्यानं पाहिला की खोली दिसते. त्यात तुझा नाशिकजवळचा अंजनेरीचा डोंगर सपाट येतो, यात तुझ्या कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येकाला किंचित वेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८३८ मध्ये हे आरशांच्या स्टिरिओस्कोपनं, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या उपकरणानं, दाखवून दिलं. लांबच्या डोंगरासाठी हा फरक जवळपास उरतच नाही. म्हणून दोन फोटो काढायच्या जागांमधलं अंतर वाढव. सर्वांत जवळची वस्तू जितकी लांब, त्याचा तिसावा भाग पुरतो: रामकुंडाची पायरी ३ मीटरवर असेल तर १० सेंटिमीटर सरक. कॅमेरा मात्र वळवू नकोस, समांतर ठेव. सोमेश्वरचा धबधबा इतक्यात नको, पाणी दोन फोटोंत जुळत नाही. पांडवलेण्यांचे खांब घे, फार सुंदर उठतात.